काशीत सोडलेलं बोर

१

"काठमांडूत तुला पाणी बाधलं, असं कोण म्हणालं?" अच्युतने विचारलं.

"सगळेच म्हणाले. बसमधले, तिथला कंपाउंडर, बबनराव. का रे?"

अच्युत हा शरयूबाईंचा भाचा. वर्ध्यात त्याचा दवाखाना होता आणि आत्या नेपाळच्या यात्रेहून परत आल्यापासून त्याच्याच घरी मुक्कामाला होती. आजारपणाची हकीकत त्याने आधीही ऐकली होती, पण आज पहिल्यांदाच नीट विचारून घेतली. तोंड किती कोरडं पडलं होतं? घोट गिळवत नव्हता. चेहरा? लाल झाला होता म्हणे. दिसत होतं? दूरचं दिसायचं, पण हातातलं घड्याळ वाचता येत नव्हतं. आणि बरळत होतीस? धर्मशाळेच्या खांबाला मी बाबा म्हणून हाक मारत होते, हवेतले धागे वेचत होते, असं बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी देवकाबाई सांगते.

 अच्युतने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"आत्या, पाण्याने असं होत नाही. हा धोतरा आहे. आणि धोतरा कुणी चुकून खात नाही. तुला तो कुणीतरी घातला."

शरयूबाईंची उभी हयात आर्वीच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेली होती. लग्न केलं नाही, देव मानला नाही आणि इन्स्पेक्टरलाही कधी भ्यायल्या नाहीत. पण आता त्यांनी दाराची कडी नीट लागलीय ना, ते वळून पाहिलं.

"त्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

"काही नाही. महाशिवरात्र होती, आणि माझ्या आयुष्यातला तो पहिलाच उपास..." त्या बोलता बोलता थांबल्या.

"काय झालं?"

"बोरकूट खाल्लं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"कुणाचं?"

 साऱ्या यात्रेत ज्या एका बाईला त्यांनी जीव लावला होता, तिच्याच थैलीतलं होतं ते.

२

खरं तर या दोघींचं जमायला काहीच कारण नव्हतं. १९८४ सालच्या माघात ती यात्रेची बस आर्वीहून निघाली, तेव्हा शरयूबाईंनी खिडकीची जागा धरली होती. त्यांना पुण्यबिण्य नको होतं, हिमालय बघायचा होता. आंजीला देवकाबाई चढल्या. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा. त्यांनी आपलं गाठोडं सरळ शरयूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"मास्तरीनबाई, तिकडं सरका जराशा. मले वारा लागते."

शरयूबाई सरकल्या नाहीत. नागपूर येईपर्यंत दोघी शेजारी बसून एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत.

जबलपूरच्या वाटेवर घाट लागला आणि मास्तरीणबाईंचा सारा ताठा पोटातून वर येऊ लागला. देवकाबाईंनी कमरेची लाल थैली सोडून चिमूटभर बोरकूट त्यांच्या तळहातावर ठेवलं. वाळलेली बोरं कुटून त्यात मीठ, गूळ, जिरं घातलेलं. दुसरी चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली.

"चाटा. उलटी येनार नाई. माह्या नलूच्या हातचं हाये."

ते आंबटगोड जिभेवर गेलं आणि पोट ठिकाणावर आलं. शरयूबाईंनी मुकाट्याने खिडकीची जागा सोडली. थैली देवकाबाईंच्या वारलेल्या नवऱ्याच्या फेट्याची होती, आणि नलू ही त्यांच्या बहिणीची मुलगी, हे त्यांना लगेच कळलं. नवऱ्याने टाकलेल्या त्या पोरीला निपुत्रिक देवकाबाईंनीच सांभाळलं होतं.

काशीला घाटावर सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे आपापली आवडीची वस्तू जन्मभरासाठी सोडली. देवकाबाईंचे धाकटे दीर बबनराव बसमध्ये होतेच. त्यांनी हातात पाणी घेऊन मोठ्या भक्तिभावाने कारलं सोडलं.

"भाऊजी, तुमी जन्मात कधी कारल्याले हात लावला काय?" देवकाबाई म्हणाल्या. "महादेवाले काऊन फसवून राह्यले?"

सारी यात्रा हसली. बबनरावही हसले, पण जरा उशिरा.

देवकाबाईंनी मात्र बोर सोडलं. जिच्या कमरेला बारा महिने बोरकुटाची थैली, तिने बोर सोडावं म्हणजे तोंडाची चवच देवाला देऊन टाकण्यासारखं होतं. बसमध्ये चढल्यावर त्यांनी ती थैली शरयूबाईंच्या डोक्यावरच्या खुंटीला अडकवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजपासून हे मास्तरीनबाईचं. मी हात लावनार नाई." शरयूबाईंची दाढ दुखत होती, म्हणून थैली तशीच लटकत राहिली.

नेपाळच्या डोंगरात बस बर्फात अडकली. पुरुषमंडळी मफलर गुंडाळून आत बसली, आणि या दोन म्हाताऱ्या मात्र पायांना पोत्याचे तुकडे बांधून वरच्या खिंडीकडे निघाल्या. वाट निसरडी होती. एकदा शरयूबाई घसरून दरीकडे गेल्या तेव्हा देवकाबाईंनी लुगड्याचा पदर टाकून त्यांना वर ओढलं. खिंडीत पोहोचल्यावर समोर हिमालयाची अख्खी रांग उभी होती. देवकाबाई रडायला लागल्या. हे नलूले दाखवाले पाह्यजे होतं, म्हणाल्या. मग नलूची काळजी सांगत बसल्या. त्या दिवसापासून 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

बसमध्ये परत आल्यावर शरयूबाईंनी आपल्या शाळेतल्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "परत गेलो की मी तुझ्याबरोबर वर्ध्याच्या कचेरीत येते. तुझी जमीन नलूच्या नावावर करून टाकू. तुला तिथलं काही कळत नाही म्हणून तू आजवर टाळत आलीस. आता मी आहे."

मागच्या बाकावर बबनराव मफलरमध्ये डोकं खुपसून झोपले होते. निदान तसं दिसत तरी होतं.

महाशिवरात्रीला शरयूबाईंनी केवळ मैत्रिणीखातर उपास धरला. दुपारी भुकेने जीव कासावीस झाला तेव्हा देवकाबाईंनी खुंटीवरची थैली काढून त्यांच्या हातात दिली. बोर उपासाला चालतं. शरयूबाईंनी मूठभर खाल्लं, आणि पुढचं त्यांना धड काही आठवत नव्हतं.

३

आंजीच्या विहिरीवर शरयूबाईंनी देवकाबाईंना एकटं गाठून सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, हे त्यांना नंतर फार वाटलं.

देवकाबाईंच्या हातातला दोर तसाच राहिला.

"थैली माही," त्या अखेर म्हणाल्या. "कुटलं नलूनं, भरलं नलूनं. म्हंजे ते माह्यासाठी होतं. म्या बोर सोडलं हे घरी कोनाले माईत? म्हनून तुह्या वाट्याले आलं."

"देवका, नलू कशाला असं करील?"

"निघतानी म्याच तिले म्हनलं होतं, मी नाई आली वापस तं समदं तुह्यं. पोरीले वाटलं असंन बोललं म्हंजे झालं." त्यांनी दोर सोडून दिला. खाली बादली पडल्याचा आवाज आला. "अन् परमुलखात, पशुपतीच्या दारात मेली असती तं कोन इचारलं असतं? भाग्याची म्हनले असते."

हे मात्र खरं होतं आणि तेच भयंकर होतं. तिथं आलेल्या मरणाला कुणी कारण विचारत नाही. चिता घाटावरच पेटते आणि गावी येतो तो फक्त अंगारा.

"कोनाले सांगू नोको," देवकाबाई म्हणाल्या. "मावंदं होऊ दे. मंग नलूले वाटे लावतो. वर्ध्याच्या कचेरीतबी जाचं नाई आता."

यात्रेहून आणलेल्या गंगेची पूजा करून गावाला जेवण घालायचं, ते मावंदं. ते पुढच्या आठवड्यात होतं. तोवर शरयूबाई तिथंच राहिल्या आणि रोज सकाळी त्या घरात दोन चुली पेटलेल्या बघत राहिल्या. एकीवर नलू रांधायची. दुसरीवर देवकाबाई स्वतःपुरती भाकर थापायच्या. मावंद्यापर्यंत आपल्या हातचंच खायचा नेम आहे, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं. नलूला ते पटलं नव्हतं. ती काही विचारत नव्हती, पण मावशीचं ताट उचलताना तिचे डोळे भरून यायचे.

शरयूबाईंनी सगळ्यांना सहज गप्पा मारल्यासारखं विचारायला सुरुवात केली. आजारपणाचं कारण पाणी, असंच सांगत राहिल्या.

शेजारच्या घरातल्या मनकर्णाबाई, म्हणजे बबनरावांची बायको, तिकिटाशिवाय नाटक बघायला मिळाल्यासारख्या खुशीत होत्या. "बाई नलूच्या हातचं खात नाई म्हंजे काईतरी हाये. पोरगी दिसते तशी नाई. जमिनीचे सपन पडून राह्यलेत तिले."

"तुम्हाला नाही पडत?" शरयूबाईंनी विचारलं.

"मले?" मनकर्णाबाई मनापासून हसल्या. "माह्यं माहेर जाम गावचं. मले तं थ्या हायवेवर एक हाटेल पाह्यजे होतं. आमच्या यायले वावर लागते, मले नाई."

बबनराव मोठ्या आपुलकीने बोलले. तब्येत विचारली, काशीचा अंगारा लावला.

"तुमी वाचल्या हे लई झालं, बाई. तिकडं तं आमी आशाच सोडली होती. म्या वयनीले म्हनलं, बस थांबत नाई, बाईले राहू द्या अठीसाच, देवाच्या दारात हाये. तं वयनी दरवाजाले धरून उभी. ही नाई तं मीबी नाई म्हने." जाता जाता ते वळले. "ते लाल थैली वयनीनं फेकली काय हो? बोर सोडल्यावर ते घरात ठेवू नाई. येतानी म्या म्हनलं, गंगेत सोडा. आयकतच नाई."

"तो तुमच्या भावाचा फेटा आहे ना," शरयूबाई म्हणाल्या.

"हो, हो. फेटा हाये," बबनराव म्हणाले आणि झपझप निघून गेले.

४

नलूला त्यांनी सर्वात शेवटी गाठलं, कारण तिला काय विचारावं हेच त्यांना कळत नव्हतं. ती मागच्या अंगणात उखळ पुसत होती.

"यंदा बोरकूट किती केलं होतंस?"

"एकदाच केलं, बाई. मावशीची थैली भरली अन् उरलं ते बरनीत हाये. खाता काय?"

तिने बरणी पुढे केली. शरयूबाईंचा हात मागे आला. नलूच्या ते ध्यानातही आलं नाही. तिने स्वतःच एक चिमूट तोंडात टाकली आणि दुसरी त्यांच्यासमोर धरली. विष कालवणारी पोर असं करत नाही, एवढं शरयूबाईंना कळलं, आणि त्यांनी ती चिमूट चाटली.

आंबट, मग गोड, मग मागून जिरं. आणि एकदम त्यांना घाट आठवला, जबलपूरची वाट, वर आलेलं पोट आणि तळहातावरची चिमूट.

 धोतऱ्याने डोकं असं धुऊन नेलं होतं की इतके दिवस ही साधी गोष्ट त्यांना आठवली नव्हती. त्याच थैलीतलं बोरकूट त्या दोघींनी काशीच्या आधी खाल्लं होतं! दोघींनाही काही झालं नव्हतं. घरून निघताना थैलीत काहीच नव्हतं. ज्याने कुणी धोतरा घातला, त्याने तो वाटेत घातला. नलू आणि मनकर्णाबाई तर आंजीत होत्या.

पण मग पुढचं? त्यांनी शाळेत गणित सोडवताना करायच्या तशी एकेक पायरी परत तपासली. काशीपर्यंत थैली देवकाबाईंच्या कमरेला होती, तिला कुणाचा हात लागणं शक्य नव्हतं. खुंटीवर गेली ती काशीनंतर. आणि काशीनंतर देवकाबाई त्या थैलीतलं खाणार नाहीत, हे साऱ्या बसला ठाऊक होतं. ती आता कुणाची, हेही देवकाबाईंनी ओरडून सांगितलं होतं.

 विष देवकाबाईंसाठी नव्हतंच. ते त्यांच्याचसाठी होतं.

देवकाबाईंनी जपून ठेवलेल्या थैलीत उरलेलं बोरकूट त्यांनी कागदात बांधून वर्ध्याला अच्युतकडे नेलं. भिंगाखाली बघून तो म्हणाला, "बी आहे यात. धोतऱ्याचंच." आणि मग म्हणाला, "पण तक्रार कुठे करणार, आत्या? गुन्हा दुसऱ्या देशात झाला. इथलं कुठलं ठाणं लिहून घेईल?"

"त्याने तेच बघून तो देश निवडला," शरयूबाई म्हणाल्या.

"कुणी?"

"ते मला ठाऊक आहे. पण देवकाला माझ्या सांगण्यावरून नाही पटायचं. सख्खा दीर आहे तो. तिला डोळ्यांनी बघावं लागेल."

परतीच्या एसटीत त्यांनी रिकामी थैली मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. मावंदं उद्यावर आलं होतं.

५

पंगत उठली, गंगेची पूजा झाली आणि घरची माणसं व यात्रेचे सोबती देवकाबाईंच्या ओट्यासमोर बसले. वांग्याच्या भाजीचा वास अजून मांडवात होता. शरयूबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात लाल थैली होती.

"यात्रेतून परत येईन असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "महाशिवरात्रीला मी या थैलीतलं बोरकूट खाल्लं. तोच माझा प्रसाद. आज सगळ्यांनी चिमूट चिमूट घ्या."

देवकाबाईंनी झटकन वर पाहिलं.  शरयूबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ती थांब म्हणणारी खूण होती, आणि बर्फात एकमेकींचा हात धरून चाललेल्या बायकांना तेवढी पुरते.

नलूने हात पुढे करून चिमूट घेतली आणि खाल्ली. बसमधल्या दोघा-तिघांनी घेतली. शरयूबाई बबनरावांसमोर आल्या.

"मले नोको, बाई," बबनराव म्हणाले. "म्या काशीत बोर सोडलं ना."

"तुमी?" देवकाबाईंचा आवाज आला. "तुमी तं कारलं सोडलं होतं, भाऊजी."

बसमधला एक जण हसला. बबनराव हसले नाहीत. "कारलंबी सोडलं अन् बोरबी सोडलं," ते म्हणाले. 

"देवाच्या प्रसादाले नाई म्हनू नाई," शेजारी बसलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या. "द्या बाई, यायच्या वाट्याचं मी खातो." त्यांनी थैलीत हात घातला, चांगली मूठभर काढली आणि तोंडाशी नेली.

बबनरावांनी तो हात असा फटकारला की बोरकूट सगळ्या ओट्यावर उडालं.

 मनकर्णाबाई आपल्या लाल झालेल्या मनगटाकडे बघत राहिल्या.

"मले काऊन मारलं?" त्यांनी विचारलं.



"मी सांगते," शरयूबाई म्हणाल्या. "महाशिवरात्रीला यात धोतरा होता. हे इथं फक्त मला आणि देवकाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना मला पाणी बाधलं एवढंच माहीत. मग बबनराव, तुम्हाला भीती कशाची वाटली?"

त्यांनी थैलीचं तोंड आवळलं. 

"तुम्हाला वहिनीला मारायचं नव्हतं. ती गेली असती तर जमीन तुम्हाला मिळते हे गावाला कळतं, आणि बोट तुमच्याकडे वळलं असतं. पण मी गेले असते तर कोण रडणार होतं? न पोर, न बाळ. देवका घाबरली असती, कचेरीत जायचं नाव पुन्हा घेतलं नसतं. बसमध्ये मागच्या बाकावर तुम्ही झोपलेले नव्हतात. आणि धोतरा तर महाशिवरात्रीला महादेवाच्या दारात पूजेसाठी मिळतोच. आणि मग इथं ती एकटी असती, तुमच्या शेजारी. तिचं तुम्ही सवडीने बघितलं असतं."

"खोटं हाये हे," बबनराव पुटपुटले. "ते थैलीत अजूनबी..."

"थैलीत काही नाही. मी काल ती धुतली. हे नलूच्या बरणीतलं आहे."

बबनराव उठले. त्यांना कुणी अडवलं नाही आणि कुणी वाटही दिली नाही, माणसांच्या पायांतून अडखळत ते मांडवाबाहेर गेले. मनकर्णाबाई त्यांच्या मागे निघाल्या नाहीत. उठून त्या देवकाबाईंच्या ओट्यावर चढल्या आणि भिंतीला टेकून बसल्या, बराच वेळ आपलं मनगट चोळत.

देवकाबाई नलूकडे बघत होत्या. त्यांची नजर तिच्या नजरेला भिडत नव्हती. पोरीला आता सगळं उमगलं होतं, दोन चुली का पेटत होत्या तेही. ती तोंडाला पदर लावून रडत होती.

देवकाबाईंनी शरयूबाईंच्या हातातून थैली घेतली आणि नलूसमोर बसल्या.

"भरव मले."

"मावशी, तू बोर सोडलं ना," नलू कशीबशी म्हणाली.

"सोडलं होतं. पन म्या तुह्यावर शक घेतला, ते पाप याच्याहून मोठं हाये. महादेवाले काय सांगाचं ते मी पाह्यून घेतो. भरव, पोरी."

नलूने रडतच चिमूट पुढे केली, अर्धं बोरकूट लुगड्यावर सांडलं. उरलेलं देवकाबाईंनी डोळे मिटून खाल्लं. शरयूबाईंना बघवेना. त्या गंगेच्या तांब्याकडे बघत राहिल्या.

"औंदा जिरं जास्त झालं," देवकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. "मास्तरीनबाई, उद्या वर्ध्याची पयली बस कवा हाये?"